मधले सात महिने

वर्षअखेरीस शाखेत कामाची घाई असते. परंतु कोणी गोडधोड घेऊन आले की हातातील काम क्षणभर बाजूला ठेवावेच लागते. २०२३ च्या डिसेंबरातील अखेरच्या आठवड्यात आमच्या जबलपूर शाखेतील एक जुने खातेदार खव्याच्या जिलेबीचा डबा घेऊन आले. मागोमाग त्यांची मुलगी होती. विधी अभ्यासक्रमाच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, म्हणजे ‘क्लॅट’मध्ये, तिला चांगले गुण मिळाले होते आणि नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात तिच्या नावावर जागा लागली होती. परीक्षा झाली ३ डिसेंबरला. महिना संपण्याच्या आत प्रवेशाची यादीही लागली. वर्ग मात्र पुढच्या जुलैच्या सुमारास सुरू व्हावयाचे होते.

अभिनंदन स्वीकारून झाल्यावर खातेदारांनी खिशातून मुदत ठेवीची पावती काढली. “मॅडम, ही आजच मोडून टाका. पाच वर्षांच्या शिक्षणाची सोय एकदाची होऊन जाऊ दे.”

ठेव मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली. मुदत संपायला दीड वर्ष बाकी. मी शैक्षणिक कर्जाचा विषय काढताच त्यांचा चेहरा उतरला. “पोरीच्या डोक्यावर शिकायच्या आधीच कर्ज? आमच्या घराण्यात कोणी कर्ज काढलं नाही.” आपल्या मराठी मध्यमवर्गात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा रागही येत नाही. त्यामागे अनेक पिढ्यांचा काटकसरीचा संस्कार आहे. पण पहिल्या सत्रासाठी आज गरज होती ती फक्त प्रवेश निश्चित करण्याच्या रकमेची, आणि तेवढी त्यांच्या बचत खात्यात होती. संपूर्ण ठेव आज मोडली असती तर मुदतपूर्व परताव्यामुळे व्याजाचा दर घटला असता आणि उरलेली रक्कम सात महिने बचत खात्यात पडून राहिली असती. “काका, निर्णय जूनमध्ये करा. तोवर हिशेब समजून घ्या,” एवढेच मी सुचविले.

हिशेब सोपा आहे. उदाहरणादाखल समजा की दरवर्षी १ लाख २० हजार रुपये याप्रमाणे पाच वर्षांत ६ लाखांचे कर्ज उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही; या काळात साधे व्याज आकारले जाते. पहिल्या वर्षीच्या रकमेवर सहा वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे असे जोडत गेले की व्याज २ लाख ४० हजार होते आणि परतफेड ८ लाख ४० हजारांपासून सुरू होते. हेच व्याज पालकांनी सोबतच भरत राहायचे ठरविले तर पहिल्या वर्षी महिना १ हजार, दुसऱ्या वर्षी २ हजार, असे करीत पाचव्या आणि त्यानंतरच्या वर्षी ५ हजार रुपये पडतात. आणि मुलीच्या डोक्यावर उरतात निव्वळ ६ लाख. हा कागद मी त्यांना घडी घालून दिला. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पतहमी योजनेमुळे तारण लागत नाही, हेही त्यावर लिहिले. (नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आल्यापासून निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार या दोन्हींविना कर्ज मिळू शकते, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याज-सवलतही आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे अर्जापूर्वी पाहावे.)

जागा मिळाली तरी प्रवेश सशर्त असतो, ही गोष्ट मात्र घरोघरी विसरली जाते. क्लॅटला बसण्यासाठी बारावीची परीक्षा झालेली असावी लागत नाही. पण वर्गात बसण्यासाठी ती उत्तीर्ण व्हावी लागते, आणि सर्वसाधारण गटासाठी किमान ४५ टक्क्यांची अट आहे. २०२४ साली केंद्रीय मंडळाची बारावीची परीक्षा १५ फेब्रुवारीपासून होती आणि दुसऱ्याच दिवशी नर्मदा जयंती! ग्वारीघाटावर दिव्यांची रांग लागते तेव्हा अख्खे जबलपूर नदीकडे वळते. ४५ टक्के म्हणजे काहीच नाही, असे म्हणत मुलीने जानेवारी सगळा सत्कार-समारंभांत घालविला होता. सराव परीक्षेत अर्थशास्त्राचे गुण पाहून आईने घरातील पाहुणे बंद केले. त्या वर्षी मुलीने दिवे पाहिले नाहीत.

आणि वाट पाहण्याचा काळ आखल्याप्रमाणे संपेलच असेही नाही. १ डिसेंबर २०२४ च्या क्लॅटमधील काही उत्तरांवरून वाद न्यायालयात गेला, प्रवेशाच्या फेऱ्या थांबल्या आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतरच मार्ग मोकळा झाला. त्या तुकडीतील मुलांनी पाच महिने आपले गुण नक्की किती हे न कळता काढले.

या विषयावर मी एवढे बोलते याला कारण माझाच अनुभव आहे. एम.कॉम. झाल्यावर २०१३ साली बँकेच्या परीक्षेत माझी निवड झाली, आणि रुजू होण्याचे पत्र येईपर्यंत काही महिने गेले. ते मी अमरावतीला घरी कसे काढले, हे सांगण्यासारखे नाही. दुपारची झोप आणि दूरदर्शन-मालिका. पत्र आले तेव्हा हाती आठ दिवस होते आणि मूळ पदवी प्रमाणपत्र मी विद्यापीठातून उचललेलेच नाही, हे त्या रात्री लक्षात आले. वडिलांनी दोन दिवस खेटे घातले. पहिली नेमणूक मध्य प्रदेशातील एका तालुक्याच्या गावी झाली. मला हिंदी येते असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी एका आजीबाईंनी बुंदेली ठसक्यात पेन्शनची चौकशी केली तेव्हा दूर झाला. त्या रिकाम्या महिन्यांत मी एखादे हिंदी वर्तमानपत्र जरी लावले असते!

म्हणून मार्च संपताच मी त्या मुलीला सर्व कागद घेऊन शाखेत बोलाविले. आमचे मराठी लोक महाराष्ट्राबाहेर राहिले की एक अडचण हटकून येते, ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचे नाव आणि आडनाव एवढेच होते. आधारकार्डावर आपल्या रीतीप्रमाणे मधे वडिलांचे नाव. पॅनकार्ड अजून काढलेलेच नव्हते. बँकेच्या पासबुकात आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. माणूस एक आणि कागदोपत्री तीन! कर्जाच्या अर्जावर, शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, पुढे सनद घेतानाही हे तीन जण एकमेकांना ओळख देत नाहीत. दुरुस्तीला पैसे फारसे लागत नाहीत, पण आठवडे लागतात. आणि जूनमध्ये प्रत्येक कार्यालयासमोर सगळ्या शहराची मुले रांगेत असतात. गुणपत्रिकेवरील नाव प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवावेत, असा माझा सल्ला असतो. उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा वा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, यांचीही यादी तिने स्वतःच्या हाताने केली. वडील मधे बोलू लागले तेव्हा मी त्यांना चहा मागविला.

एप्रिलमध्ये आईने एक प्रयोग केला, त्याचे श्रेय माझे नाही. घरखर्चाची रक्कम महिन्याच्या एक तारखेला मुलीच्या खात्यात भरली आणि सांगितले की किराणा, दूध, भाजी, वीजबिल आता तू पाहा. बावीस तारखेला खाते रिकामे झाले. कूलरचा पंप जळाला होता, एका लग्नाचा आहेर द्यावा लागला होता. आणि राहिलेल्या रकमेचा पत्ता मोबाइलवरून भागविलेल्या दहा-वीस रुपयांच्या खर्चांत लागला. आईने उरलेले आठ दिवस पैसे उसने दिले, मे महिन्यातून कापून घेण्याच्या बोलीवर. मे महिन्यात मुलीने वही घातली आणि शेवटी चारशे रुपये राहिले. वसतिगृहात गेल्यावर पहिल्या सत्रात पालकांकडे वारंवार पैसे मागणारी मुले मी पुष्कळ पाहते. ती उधळी असतात असे नाही. महिना तीस दिवसांचा असतो हे त्यांना कोणी हातात पैसा देऊन दाखविलेले नसते.

त्याच मे महिन्यात तिला एक फोन आला. वसतिगृहातील शेवटच्या दोन खोल्या शिल्लक आहेत, तासाभरात पंधरा हजार भरा, सोबत पैसे भरण्याचा चौकोनी कोड. बोलणाऱ्याला तिचे नाव, विद्यापीठ, सगळे ठाऊक होते. तिने पैसे पाठविले नाहीत. वडिलांनी मात्र जवळजवळ पाठविलेच होते. प्रवेशाची वाट पाहणारी कुटुंबे अशा भामट्यांना बरी सापडतात, कारण त्यांना घाईही असते आणि भीतीही. शुल्क भरायचे ते विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे, आणि मग आपल्या बँकेला.

आता वाचनाविषयी. मुलीचे आजोबा नागपूरच्या उच्च न्यायालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, ते न्यायालय मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय झाले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपुरास आले. पहिले मुख्य न्यायाधीश होते न्यायमूर्ती हिदायतुल्ला, तेही नागपूरहून आलेले. आजोबाही कपाटे-फायलींबरोबर आले आणि इथलेच झाले. अडुसष्ट वर्षांनी नात उलट्या वाटेने निघाली होती. आजोबांच्या ट्रंकेत भारतीय दंड संहितेची जीर्ण प्रत होती. सुट्टीत ती पाठ करायची, असे मुलीने ठरविले. आणि फेब्रुवारीत अधिसूचना निघाली की १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता येणार! घरी थोडी निराशा झाली. शेजारच्या वकीलकाकांनी तिला समजाविले की कलमे पाठ करणे हे वकिलाचे काम नव्हे. एक निकालपत्र घे आणि मुळापासून शेवटपर्यंत वाच.

तिने निवडला तो आपल्या गावाच्या नावाचाच खटला. ‘ए.डी.एम. जबलपूर’ हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी दिला. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येईल, असे जबलपूरसह अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते अमान्य केले. ते एक मत न्यायमूर्ती खन्ना यांचे. बहुमतात असलेल्या न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी २०१७ सालच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठात तो निकाल सदोष ठरविणारे मत लिहिले. मुलीला इंग्रजी येत होते. पण पहिली दहा पाने वाचायला तिला चार दिवस लागले. जूनअखेर अर्धाच झाला होता. शिकवणीच्या पुस्तकांतील दीडशे शब्दांच्या उताऱ्यांची सवय झालेल्या डोळ्यांना लांब वाक्यांचा सराव लागतो, आणि त्याला एवढाच काळ मिळतो.

जूनमध्ये कर्जाचे कागद झाले. खातेदारांनी घडी घातलेला तो हिशेब परत आणला होता. त्याच्या पाठीवर त्यांनी स्वतःची बेरीज केली होती. ठेव मोडायची नाही, दरमहा व्याज आपण भरायचे, असे त्यांनी ठरविले. दस्तऐवजांवर सह्या आई-वडिलांनी केल्या. मुलगी पेन काढून तयारच होती. तिला मी थांबविले. “तू ऑगस्टमध्ये अठराची होशील, तेव्हा ये.” तिला ते जरा लागले.

राखीच्या सुट्टीत ती नागपूरहून रात्रीच्या बसने आली आणि दुसऱ्या दिवशी शाखेत हजर झाली. आता खाते सज्ञान व्यक्तीचे करायचे होते, नमुना सही घ्यायची होती, आणि कर्ज आपल्याला मान्य असल्याचे पत्रही. पत्र वाचता वाचता ती हसली. “मॅडम, तुम्ही तेव्हा माझी सही का घेतली नाही ते कळलं. मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष, १९०३. कलकत्त्यातल्या सावकारानं अल्पवयीन मुलाकडून घर गहाण घेतलं आणि प्रिव्ही कौन्सिलनं तो व्यवहारच रद्दबातल ठरवला. गेल्याच आठवड्यात झालं वर्गात.” मग थोडे थांबून म्हणाली, “पण मग जे मुळातच रद्दबातल, त्याला नंतर मान्यता कशी देता येईल?”

मूळ कर्ज तिच्या आई-वडिलांच्या नावाने झाले असून हे पत्र बँकेच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे घेतले जाते, असे मी तिला सांगितले. तिचे पूर्ण समाधान झालेले दिसले नाही. तिने तीन ठिकाणी सही केली. तिसरी पहिल्या दोहोंशी जुळली नाही, म्हणून नमुना सहीचा कागद नव्याने भरावा लागला.