‘लुस्ट’ आणि आपली लालसा

जर्मन माणूस कॉफीची ‘लुस्ट’ आहे म्हणतो, तेव्हा त्यात पापाचा लवलेश नसतो. त्याला फक्त कॉफी प्यावीशी वाटत असते. ‘लुस्टिग’ म्हणजे तर चक्क मजेशीर. इंग्रजीतला ‘लस्ट’ याच शब्दाचा सख्खा भाऊ, पण तो कामवासनेत अडकला. जुन्या इंग्रजीत त्याचाही अर्थ आनंद, आवड, इच्छा असा मोकळा होता. बायबलच्या भाषांतरांत देहाच्या वासनांसाठी तो वारंवार आला आणि डागाळला. मला ही त्या शब्दावरच्या अन्यायाची गोष्ट वाटते. वुल्फिला या भाषांतरकाराच्या चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात ‘लुस्टुस’ आढळतो, म्हणजे शब्द बराच जुना.

जर्मनमध्ये ‘लुस्ट’ इच्छा आणि तृप्ती दोन्ही सांगतो. ही संदिग्धता मनोविश्लेषक फ्रॉइडला जाणवली होती. कामप्रेरणेसाठी त्याने लॅटिन ‘लिबिडो’ स्वीकारला. त्याच्या सुखतत्त्वाच्या जर्मन नावात मात्र ‘लुस्ट’च राहिला.

भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ ‘लस्’ या प्राचीन इंडो-युरोपीय धातूत शोधतात. ग्रीक आणि लॅटिनमध्येही त्याची भावंडे आहेत. संस्कृतमधला ‘लालसा’ त्याच धातूशी जोडला जातो, आणि तो मराठीत आजही रोजच्या वापरात आहे.