रानडुकराची गोळी हरणाला चालेल का?

नागपूरच्या प्रताप नगरात राहणाऱ्या, पण काटोल-उमरेडकडे शेती असलेल्या मंडळींत हा प्रश्न निघतो.

प्रौढ नर रानडुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कवच असतं. पोकळ टोकाची हलकी गोळी तिथेच फुटते आणि जखमी जनावर पिकात शिरतं. चिंकारा किंवा भेकर मात्र नाजूक. कठीण गोळी न पसरता आरपार जाते. म्हणून दोन्हींसाठी एकच निवडायची तर मऊ टोकाची, पण शिशाचा गाभा आवरणाला घट्ट जोडलेली, जड आणि मध्यम वेगाची. आपल्याकडच्या .३१५ रायफलीची सुमारे १६ ग्रॅमची मऊ टोकाची गोळी या वर्णनाच्या जवळ जाते. बारा बोरचे छर्रे डुकरावर नकोतच. अर्धमेलं जनावर तडफडत ठेवणं मला क्रूर वाटतं.

पण हा हिशेब परदेशी शिकाऱ्यांच्या कामाचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार इथे हरणाची शिकार गुन्हाच आहे. पीक नासवणाऱ्या रानडुकराला मारायलाही वनविभागाची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. नुकसान झालं असेल तर आधी भरपाईचा अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या.