दाराची डावी मूठ आणि उजवी मूठ



दाराची मूठ हा भाषणाचा विषय आहे असें ऐकल्यावर पुष्कळांच्या मनांत येईल, कीं यांत बोलण्याजोगें तें काय आहे? मूठ खालीं दाबावी, दार उघडावें आणि आपल्या कामास लागावें. ज्यांच्या घरांतील मुठी योग्य बाजूस वळलेल्या आहेत त्यांचें हें म्हणणें अगदीं रास्त आहे. परंतु हल्लींच्या सदनिकांत अशीं दारें थोडीं नाहींत, कीं ज्यांची मूठ बिजागऱ्यांकडे तोंड करून असण्याऐवजीं चौकटीकडे तोंड करून बसलेली असते. ती दाबूं जावें तों बोटांचीं पेरें चौकटीवर घासतात. आणि कित्येक ठिकाणीं तर मूठ खालीं न दबतां वर उचलावी लागते. तरुण मनुष्य दोन दिवसांत या प्रकारास सरावतो. पण संधिवातानें जिचीं बोटें आखडलीं आहेत अशी आजी, किंवा मध्यरात्रीं झोपेंतून उठून न्हाणीघराकडे चांचपडत जाणारे आजोबा, यांच्या दृष्टीनें उलट्या मुठीचें दार हें जवळजवळ बंदच दार होय. घरांत धूर कोंडला असतां तर कोणाचाहि हात संवयीनें मूठ खालींच दाबणार. म्हणून ही दुरुस्ती कशी करावी, आणि विशेषेंकरून ती कशी करूं नये, हें आज सांगणार आहें.

आपल्या जुन्या वाड्यांत हा प्रश्न नव्हता. दोन झडपा, कडी-कोयंडा आणि आंतून अडसर. यांत डावें-उजवें असें कांहीं नाहीं. पुढें गोल मुठी आल्या, त्यांनाहि तोंड नव्हतें. पण बाजारांत जिला नुसतें ‘हँडल’ म्हणतात ती आडव्या दांड्याची मूठ म्हणजे एक तरफ आहे, आणि तरफ कोठें तरी टोंक करून असणारच.

या तरफेनें गोल मुठीस घरांतून हुसकलें, तें उगीच नव्हे. जोर आणि अंतर यांचा गुणाकार हा नियम आपण सर्वांनीं शाळेंत घोकलेला आहे. समजा, कुलपाची जीभ मागें ओढण्यास १ न्यूटन-मीटर इतकें परिबल लागतें. गोल मुठीचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर तिच्या कडेवर ४० न्यूटन, म्हणजे सुमारें ४ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागेल. शिवाय ती घट्ट पकडून पिळावी लागते हा त्रास निराळाच. १२ सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोंकाशीं तेंच काम ८ न्यूटनांहून किंचित् अधिक जोरांत, म्हणजे किलोग्रॅमहून कमी वजनांत होतें, आणि पकडण्याचें तर कारणच उरत नाहीं. दोन्ही हातांत तांब्या-भांडें असलें तरी कोंपरानें भागतें. अमेरिकेंत १९९० सालीं अपंगांच्या हक्कांचा जो कायदा झाला, त्याखालील इमारतींच्या मानकांत असें सांगितलें आहे, कीं दाराची मूठ एका हातानें, घट्ट न पकडतां, चिमटींत न धरतां व मनगट न पिळतां चालवितां आली पाहिजे. कॅनडांतील व्हँकूव्हर शहरानें २०१३ सालीं नियम करून २०१४ च्या मार्चपासून नव्या घरांत गोल मुठींऐवजीं दांड्याच्या मुठी बसविण्याचें ठरविलें. लुटविग विट्गेन्स्टाइन या तत्त्वज्ञानें १९२६ ते १९२८ या काळांत व्हिएन्ना येथें आपल्या बहिणीच्या घराचें काम पाहिलें, तेव्हां दारांच्या मुठीसुद्धां स्वतः आंखून दिल्या. मग एका जुन्या शाळामास्तरानें हा विषय हातीं घेतला तर त्यास कोणीं नांवें ठेवूं नयेत.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. रेडिओवर चित्र काढून दाखवितां येत नाहीं, म्हणून श्रोत्यांनींच थोडी तसदी घ्यावी. मूठ असलेल्या एखाद्या दारासमोर उभे राहा. त्याच्या बिजागऱ्या तुमच्या डाव्या हातास आहेत असें समजूं. मूठ कुलपापासून निघून बिजागऱ्यांकडे, म्हणजे डावीकडे गेली पाहिजे; तरच हातास मोकळी जागा मिळते. आतां त्याच दाराच्या पलीकडे जा. दार तेंच, बिजागऱ्या त्याच. पण आतां त्या तुमच्या उजव्या हातास आल्या, आणि म्हणून पलीकडची मूठ उजवीकडे वळलेली असते. पायांतल्या जोड्याप्रमाणें प्रत्येक दारावर एक डावी व एक उजवी मूठ असते, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे निम्मा गुंता सुटला.

उरलेला निम्मा स्प्रिंगचा आहे. भिंतीवरचें घड्याळ डोळ्यांपुढें आणा. डावीकडे वळलेली मूठ म्हणजे नवावर आलेला कांटा. ती खालीं दाबली म्हणजे टोंक नवावरून आठाकडे जातें, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरतें. उजवीकडे वळलेली मूठ तिनावरून चाराकडे जाते, म्हणजे घड्याळाप्रमाणें फिरते. मूठ सोडल्यावर तिला पुन्हां आडवी करणारी जी स्प्रिंग आंत असते, ती पुष्कळ मुठींत यांपैकीं एकाच फिरण्यासाठीं बसविलेली असते. आतां कोणी उत्साही गृहस्थ मागें लहान गोल चकती असलेली डावी मूठ चकतीसकट काढतो, अर्धें वर्तुळ फिरवितो, आणि तोंड उजवीकडे करून पुन्हां बसवितो. तोंड फिरलें खरें. पण स्प्रिंगची दिशा फिरली नाहीं. ती अजूनहि घड्याळाच्या उलटच जाऊं देते, आणि तिनावरचा कांटा घड्याळाच्या उलट जाणें म्हणजे दोनाकडे, वर जाणें! उचलून उघडणाऱ्या दारांचा जन्म बहुधा असा होतो. डाव्या पायाचा जोडा टांचेकडून बोटांकडे कितीहि फिरविला तरी तो उजव्या पायाचा होत नाहीं. मूठ फिरवून काम भागत नाहीं. आरशांत दिसतें तसें तिचें प्रतिबिंब हवें असतें.

आणि तें प्रतिबिंब विकत आणावें लागत नाहीं. या बाजूस जी उजवी मूठ हवी आहे, ती त्याच दाराच्या दुसऱ्या अंगास बसलेली आहे. दोहोंची अदलाबदल केली कीं दोन्ही बाजू एकदम दुरुस्त होतात. सुतारानें जोडी उलटसुलट बसविली असेल तेव्हां हाच उपाय. आणि घरें पुरीं करण्याच्या घाईंत ही चूक इतकी सर्रास होते, कीं नवी सदनिका ताब्यांत घेतांना रंगाआधीं मुठी पाहाव्यात असें माझें मत आहे.

कृति अवघड नाहीं, पण पहिला नियम दार उघडें ठेवण्याचा. खालीं पाचर ठोकून दार अडकवावें; मुठी काढल्यावर वाऱ्यानें दार लोटलें गेलें तर आंतला मनुष्य आंतच राहील. मुठीच्या मानेखालीं बहुधा बिनडोक्याचा एक बारीक स्क्रू असतो. तो षट्कोनी किल्लीनें सैल करावा, संपूर्ण काढूं नये, कारण तो हरवला कीं तसा दुसरा मिळतां मिळत नाहीं. मग पट्टीचे स्क्रू काढावे. मुठी निघाल्या म्हणजे मध्यें आरपार जाणारी एक चौकोनी सळई दिसेल. ती पुष्कळ कुलपांत ८ मिलिमीटरची असते. सळई एका मुठीस जखडलेली असेल तर ती तिच्याबरोबरच पलीकडे जाईल. दोन्ही मुठी अदलून नुसत्या हातानें दाबून धराव्या आणि फिरवून पाहाव्या. दोन्ही खालीं दबतात, दाबल्यावर जीभ पूर्ण आंत जाते, आणि सोडल्यावर मूठ पुन्हां आडवी होते, एवढें दिसलें म्हणजे मगच स्क्रू आवळावे. पितळी स्क्रूला विजेचें यंत्र लावूं नये. हातानें आवळावा, डोकें झिजलें तर पुढच्या वेळीं काढणें कठीण.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुष्कळ जोड्यांत पट्ट्या आरपार बोल्टांनीं बांधलेल्या असतात. एका पट्टींत बोल्टांचीं डोकीं दिसतात, दुसरी स्वच्छ असते. शयनगृहाच्या दारास कोणती कोणीकडे गेली यानें कांहीं बिघडत नाहीं. पण घराच्या मुख्य दाराची अदलाबदल केली तर डोकीं जिन्याच्या बाजूस येतील, आणि जें काम आपण घरांत बसून केलें तेंच एखादा चोर बाहेर उभा राहून करील. मुख्य दारास योग्य हाताची नवी जोडीच आणावी.

न्हाणीघराचें दार हें या सर्वांत कठीण प्रकरण होय. तेथें आंतल्या पट्टीवर कडी लावण्याची लहान खुंटी असते, आणि बाहेरच्या पट्टीवर तिच्याच समोर एक बारीक खांच असते. मूल किंवा वृद्ध मनुष्य आंत अडकल्यास नाणें किंवा स्क्रूड्रायव्हर घालून दार उघडतां यावें म्हणून ही खांच ठेवलेली असते. समजा, आंत उघडणारें दार बेसिनवर आदळतें म्हणून सुतारानें तें काढलें, पाठपोट फिरवून दुसऱ्या बाजूच्या चौकटीस टांगलें, आणि तें पूर्वीप्रमाणें आंतच उघडतें. मुठी बिजागऱ्यांकडेच वळलेल्या राहिल्या, हें ठीक झालें. पण दाराची आंतली बाजू बाहेर आल्यानें खुंटी बाहेर आली! आतां खोडकर नातवानें आजोबांना आंत कोंडलें तर दोष कोणाचा? पट्ट्या अदलल्या तर खुंटी आंत जाईल, पण मुठी चौकटीकडे वळतील. अशा वेळीं पट्टी जागेवर नेऊन प्रत्येक मूठ तिच्या पट्टींतच उलटवावी लागते. कांहीं मुठींच्या मानेंत सुईएवढें भोंक असतें. त्यांत बारीक तार घालून दाबली कीं दांडा ओढून काढतां येतो, आणि अर्धें वर्तुळ फिरवून टक् असा आवाज होईपर्यंत परत बसवितां येतो. यांची स्प्रिंग दोन्हीकडे काम करणारी असते. कांहींत पट्टीच्या मागें पोलादी कडें असतें. तें चिमट्यानें काढतांना उडतें, म्हणून वर फडकें धरावें आणि डोळे जपावे. त्यांतली स्प्रिंगहि उलट बाजूनें बसवावी लागते. मूठ मागून ठोकून कायमची बसविली असेल तर मात्र खटपट करूं नये. ती उलटण्यासाठीं केलेलीच नाहीं.

मुठीशीं संबंध नसलेला, पण नेहमीं तिच्याच माथीं मारला जाणारा दोष म्हणजे जिभेचा. कुलपाची जीभ एका बाजूनें तिरकी कापलेली असते, आणि ती तिरकी बाजू दार ज्या दिशेनें बंद होतें तिकडे असली पाहिजे. तसें असेल तर दार नुसतें लोटलें कीं जीभ आपोआप आंत सरकते. तिरकी बाजू उलटीकडे असेल तर सपाट बाजू चौकटीवर आदळते, आणि दर खेपेस मूठ दाबून दार लावावें लागतें. आंत कोणी पडल्यास दार त्याच्याच अंगानें अडूं नये म्हणून न्हाणीघराचें दार बाहेर उघडणारें करून घेण्याची चाल हल्लीं सुरू झाली आहे, आणि ती उत्तम आहे. बिजागऱ्या त्याच बाजूस ठेवून व दार न फिरवितां हा बदल केला तर मुठींस हात लावण्याची गरज नाहीं. फक्त जीभ उलटवावी लागते. मघांच्या, फिरवून टांगलेल्या दारासहि ती उलटवावीच लागते. नळीसारख्या लहान कुलपांत सळई काढून, दाराच्या कडेवरील दोन स्क्रू सोडवून तें बाहेर ओढावें आणि अर्धें फिरवून परत सारावें. पेटीच्या कुलपांत कधीं जीभ बाहेरून उलटतां येते, कधीं पेटीचें झांकण उघडावें लागतें. झांकण उघडल्यावर आंतल्या भागांचें छायाचित्र आधीं काढून ठेवावें. तें यंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत असतेंच.

नवी मूठ किंवा कुलूप घेण्याचा प्रसंग आला तर डब्यावर छापलेल्या डावें-उजवें या शब्दांवर विसंबूं नये. जर्मन मानक क्रमांक १०७ प्रमाणें, ज्या बाजूनें बिजागऱ्या दिसतात तेथें उभें राहून डावें-उजवें ठरवितात. अमेरिकेंत दाराच्या बाहेर उभें राहून ठरवितात. त्यामुळें आंत उघडणारें एकच दार एका रीतीनें डावें तर दुसऱ्या रीतीनें उजवें ठरतें. दुकानांत जुनी मूठ घेऊन जावें, आणि सोबत एका कागदावर दाराचें साधें चित्र काढून बिजागऱ्या कोणीकडे व दार कोणीकडे उघडतें तें बाणानें दाखवावें.

काम झाल्यावर आठ-दहा दिवसांनीं मानेखालचा तो बारीक स्क्रू पुन्हां एकदां आवळावा. सळई नव्या जागीं बसतांना तो हटकून थोडा सैल होतो, आणि मूठ हातांत निघून येते ती नेमकी घाईच्या वेळीं.