गोष्टीची संहिता वर्गाने करावी

गोष्टीचे नाट्यीकरण पुष्कळ शाळांतून होते. परंतु संहिता शिक्षकांनी लिहावयाची व मुलांनी ती पाठ करावयाची, असाच बहुधा प्रघात दिसतो. त्यात स्मरणशक्तीची परीक्षा होते. भाषेची घडण होत नाही. कोणते वाक्य बोलावे, कोणते कृतीने दाखवावे व कोणते गाळावे, हा विचार मुलांनी स्वतः केला म्हणजेच ते भाषाशिक्षण होय.

उदाहरणादाखल साने गुरुजींच्या 'श्यामची आई' मधील अळणी भाजीचा प्रसंग घ्यावा. हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले व १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला, म्हणजे रूपांतराची वाट जुनीच आहे. प्रसंग साधा आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील तक्रार न करता जेवतात, मुलेही त्यांच्याप्रमाणेच जेवतात. आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला चूक कळते.

येथे मुलांपुढे खरी अडचण उभी राहते. पुस्तकात श्याम सांगतो म्हणून वाचकाला सारे कळते. परंतु भाजी अळणी आहे हे प्रेक्षकांना कसे कळावे? त्यांना चव तर घेता येत नाही. 'अरेरे, भाजीत मीठच नाही!' असे वाक्य कोणीतरी चटकन सुचवील. ते लिहिले की प्रसंगच मोडला, कारण कोणी काही बोलले नाही हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे. शिक्षकांनी उत्तर सांगू नये; पानावर बसून पहिला घास घ्यावयास लावावे. एखादा मुलगा तोंड वेडावतो, मिठाकडे हात नेतो, वडिलांकडे पाहतो आणि हात मागे घेतो. मग हीच कृती कंसात लिहून घ्यावी. आईचे विसरणे आरंभी दाखवावे की शेवटपर्यंत झाकून ठेवावे, यावर वाद होऊ द्यावा. आरंभी दाखविल्यास प्रेक्षक वडिलांच्या मौनाकडे लक्ष देतात. लहान वर्गांना तेच अधिक मानवते.

गट पाच-सहा जणांचे असावेत. दोन शिक्षकी शाळेत निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र बसविण्यास हरकत नाही. लेखनिक एकच असावा. बाकीच्यांनी संवाद आधी बोलावेत, मग ते कागदावर उतरावेत. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांचाही वाटा यामुळे संहितेत पडतो. बोली घरचीच राहू द्यावी. खानदेशातील मूल आपल्या बोलीत बोलले म्हणून कोकणातील कथेचे काही बिघडत नाही. उलट ती शुद्ध करावयास गेल्यास आई परिपत्रकाच्या भाषेत बोलू लागते.

पहिला खर्डा झाला की दुसऱ्या गटाने तो मोठ्याने वाचावा. वाचणारा जेथे अडखळेल तेथे वाक्य लांब झाले आहे असे समजावे. निवेदकाचा उपयोग मात्र जपून करावा. अडचण आली की ती निवेदकाच्या गळ्यात घालण्याची मुलांना सवय लागते.

भूमिका वाटताना चुणचुणीत मुलालाच वडील करण्याचा मोह होतो. त्या भूमिकेला शब्द थोडे आहेत आणि सारा प्रवेश तिच्यावरच उभा आहे. वर्षभर मागच्या ओळीत गप्प बसणाऱ्या मुलाला ती द्यावी.