रंगाच्या पोटातले अमाईन : कापड व्यापाऱ्यांनी जाणून घ्यावे असे काही

रंगीत कापडाचा सौदा भाव, मीटर आणि मुदत यांवर ठरतो. पण परदेशी गिऱ्हाईक आणखी एक कागद मागते. बंदी असलेले अमाईन मालात नाहीत, असा प्रयोगशाळेचा दाखला. जर्मनीने १९९४ मध्ये असे अमाईन सोडणाऱ्या अझो रंगांवर बंदी घातली, आपल्या सरकारने १९९७ मध्ये ७० अझो रंगांवर आणि युरोपीय संघाने २००२ मध्ये. तिथली मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे.

हे अमाईन शोधतात कसे? त्यामागचे तत्त्व आपल्या रंगाऱ्यांच्या हाताखालचेच आहे. नॅफ्थॉल साध्या पाण्यात विरघळत नाही, कॉस्टिक टाकले की विरघळते. ते सौम्य आम्ल असल्याने अल्कलीशी मिळून त्याचा क्षार होतो व क्षार पाण्यात उतरतो. अमाईनचे उलट आहे. ते आम्लाच्या पाण्यात उतरते आणि आम्ल मारले की पाणी सोडून ईथरमध्ये जाते. ईथर पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. खालचे पाणी तोटीने काढून घेता येते.

समजा अ‍ॅनिलीन, बेंझॉइक आम्ल, बीटा नॅफ्थॉल आणि नॅफ्थलीन ईथरमध्ये एकत्र आहेत. आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने हलवले की अ‍ॅनिलीन खाली येते. मग खाण्याच्या सोड्याचे पाणी बेंझॉइक आम्ल नेते, नॅफ्थॉलला हात लावत नाही. शेवटी कॉस्टिक नॅफ्थॉल नेते. वर उरते नॅफ्थलीन. क्रम मात्र पाळावा. सोड्याआधी कॉस्टिक टाकले तर बेंझॉइक आम्ल व नॅफ्थॉल दोन्ही एकत्रच उतरतात.

कापडाच्या चाचणीत तुकडा सौम्य आम्लाच्या, म्हणजे सामू ६ च्या पाण्यात ७० अंशांवर ठेवून हायड्रो टाकतात. हायड्रो रंगाचा अझो बंध तोडते, अमाईन सुटते. एवढ्या सौम्य आम्लात त्याचा क्षार टिकत नाही, म्हणून ते ईथरमध्ये येते. मग यंत्रावर मोजतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमाईन रंगाच्या अंगातच असते, म्हणून कापड धुऊन दोष जाणार नाही. बेंझिडीनसारख्या अमाईनने रंग कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग झालेला आहे. प्रश्न फक्त परत येणाऱ्या मालाचा नाही.

तेव्हा बिनलेबलचा सुटा रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बिलावर रंगाचे पूर्ण नाव व लॉट नंबर लिहून घ्यावा, नमुना जपून ठेवावा आणि मोठी ऑर्डर रंगवण्याआधी एका तुकड्याची चाचणी करून घ्यावी. चाचणीचा खर्च एका तुकड्याचा, नुकसान मात्र सगळ्या गाठींचे.