तीन लाल दिव्यांचे निदान

एक्सबॉक्स 360 हा गेम कन्सोल नोव्हेंबर 2005 मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याच्या पॉवर बटणाभोवती चार भागांत वाटलेले प्रकाशाचे कडे होते. सगळे ठीक असले की ते हिरवे दिसे. टीव्हीची केबल नीट बसली नसेल तर चारही भाग लाल होत, यंत्र फार तापले तर दोन. तीन लाल दिवे लुकलुकू लागले, की आतले हार्डवेअर निकामी झाले असे समजायचे. हे तीन दिवे इतक्या घरांत लागले, की जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने खास या बिघाडासाठी वॉरंटी 3 वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी 105 ते 115 कोटी डॉलरची तरतूद केली.

वॉरंटी संपलेल्यांसाठी मात्र एक घरगुती उपाय तोंडोतोंडी पसरला होता. कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळायचा, हवेच्या वाटा बंद करायच्या, चालू करून तसाच तापू द्यायचा आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू करायचा. तो खरेच अनेकदा सुरू होई. पण थोड्याच काळात तेच तीन दिवे परत येत. उपाय लागू पडला, मग टिकला का नाही? घरच्या दुरुस्तीचे सगळे शास्त्र या प्रश्नात आहे.

वितळले कोण?

सांगितले जाणारे कारण असे होते: चिपखालचे सोल्डर तडकते, उष्णतेने ते वितळते आणि पुन्हा जुळते. संशयाला आधारही होता. युरोपीय संघाचे शिशावरील निर्बंध 1 जुलै 2006 पासून लागू झाले आणि इलेक्ट्रॉनिक्स उद्योग त्याच सुमारास शिसेविरहित सोल्डरकडे वळत होता. 63 भाग कथील आणि 37 भाग शिसे असलेले जुने सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळते. कथील, चांदी आणि तांबे यांचे नवे मिश्रण वितळायला साधारण 217 अंश लागतात.

हाच आकडा त्या स्पष्टीकरणाला खोटे ठरवतो. चिप या तापमानाच्या जवळपास पोचण्याच्या खूप आधी यंत्र स्वतःला बंद करते. टॉवेलमध्ये सोल्डर वितळणे शक्यच नव्हते.

तडा कुठे होता?

ग्राफिक्सची चिप थेट मदरबोर्डवर बसत नाही. सिलिकॉनचा तुकडा आधी सोल्डरच्या अगदी बारीक उंचवट्यांवर, एका छोट्या पाटीवर बसवतात. ती पाटी मग सोल्डरच्या मोठ्या गोळ्यांनी मदरबोर्डला जोडतात. म्हणजे जोडांचे दोन थर. संशय बाहेरच्या मोठ्या गोळ्यांवर होता. 2021 मध्ये आलेल्या ‘पॉवर ऑन’ या माहितीपटात कंपनीच्या माणसांनीच सांगितले, की जोड तुटत होते ते चिपच्या पॅकेजच्या आतले. आणि ते तोडत होते यंत्राचे रोजचे चालू-बंद होणे.

त्यामागचा हिशेब साधा आहे. तापमान एक अंशाने वाढले, की सिलिकॉन दहा लाखांत सुमारे 3 भागांनी प्रसरण पावते. खालची पाटी सुमारे 15 भागांनी. चिपचा कोपरा मध्यापासून 7 मिलिमीटरवर आहे आणि तापमान 60 अंशांनी वाढले असे धरू. दोन्हींच्या प्रसरणात 5 मायक्रॉनचा फरक पडतो. जोडाची उंचीच जेमतेम 100 मायक्रॉन, त्यामुळे हा फरक लहान नाही. तो जोडावर येऊ नये म्हणून चिप आणि पाटी यांच्यामधल्या फटीत राळेसारखा पदार्थ भरतात. ही राळ तापून मऊ पडली, की ताण पुन्हा जोडांवर येतो. गेम सुरू केला की एका दिशेने ताण, बंद केला की उलट दिशेने. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसेच हे. धातूच्या अशा थकव्याचे गणित कॉफिन आणि मॅन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1950 च्या दशकातच मांडले होते. त्यात एक अडचण रचनेचीही होती. ग्राफिक्स चिपच्या डोक्यावरच डीव्हीडी ड्राइव्ह असल्याने तिची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकला उंची मिळाली नव्हती.

टॉवेलने काय घडत होते, ते आता कळते. तापल्यावर भाग फुगत, राळ मऊ पडे आणि तड्याच्या दोन कडा पुन्हा एकमेकींना टेकत. वीज वाहू लागे, पण सांधा जुळलेला नसे. हीट गनने बाहेरचे गोळे वितळवता येतात, रिबॉलिंग करून नवेही बसवता येतात. आतला तडा मात्र राळेत बंदिस्त असतो, तिथे सोल्डर जुळायला लागणारा फ्लक्स पोचत नाही. उलट टॉवेलने बाकीच्या भागांचे आयुष्य घटते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. शिवाय आगीचा धोका आहेच. हा उपाय कुणीही करू नये.

घरी काय जमते?

खूप काही जमते, आणि ते बिघाडाच्या आधी केले तर जास्त उपयोगी पडते. पंख्यात आणि हीट सिंकच्या पात्यांत साचलेली धूळ काढणे हे पहिले काम. हवेचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो वेगाने फिरून खराब होतो. जुन्या कन्सोलमधली थर्मल पेस्ट वाळून कडक होते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पातळ लावता येते. निन्टेंडो स्विचच्या जॉयकॉनची काठी आपोआप एका बाजूला सरकू लागली, तर बहुधा आतला घासला जाणारा कार्बनचा पट्टा झिजलेला असतो. योग्य स्क्रू-ड्रायव्हर असेल तर ती काठी सोल्डरिंग न करताही बदलता येते. चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या काठ्याही मिळतात. त्यांत पट्टाच नसल्याने तो झिजण्याचा प्रश्न उरत नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो, म्हणून तो भाग उघडू नये. प्लेस्टेशन 5 मध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो वीजवाहक असल्याने सांडला तर बोर्ड शॉर्ट होतो. अशी कामे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातल्या जाणत्या कारागिराकडे द्यावीत आणि त्याला “सुरू होईल का?” याआधी “कशामुळे बिघडला?” हे विचारावे.

काही वेळा अडथळा हाताच्या कौशल्याचा नसतोच. एक्सबॉक्स 360 चा डीव्हीडी ड्राइव्ह मदरबोर्डशी सांकेतिक किल्लीने बांधलेला होता. दुसरा ड्राइव्ह नुसता लावून चालत नसे. कन्सोलच्या डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीसाठी अशी कुलपे उघडायला अमेरिकेत कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली ती 2021 मध्ये. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील तिथे द्यावा, असा त्याचा हेतू आहे.

त्या लाल दिव्यांमागे आणखी एक गोष्ट दडलेली होती. सिंक बटण दाबून ठेवून इजेक्ट बटण चार वेळा दाबले, की दिव्यांच्या संख्येतून चार अंकी दोषसंकेत मिळे. 0102 हा त्यातला फार जणांना भेटलेला संकेत. बिघाडाचा माग यंत्राजवळ होता, पण तो वाचायची रीत मालकाला माहितीपुस्तिकेत नव्हे, इतर दुरुस्ती करणाऱ्यांकडून कळली. निदान हाती नव्हते म्हणून लोक टॉवेलकडे वळले. वॉरंटी संपली की कंपनीची फुकट दुरुस्तीची जबाबदारी संपते, हे मान्य. पण दोषसंकेतांचा अर्थ, बोर्डाचा नकाशा आणि सुटे भाग मिळण्याचा मालकाचा हक्क त्या तारखेला संपता कामा नये. खरे तर त्याच दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज सुरू होते.