पडद्यावरचा वर्ग – भाग ६ : नवं सत्र, जुना कोर्स

गेल्या सत्रातला कोर्स नव्या मुलांपुढे तसाच उघडला, की पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडतो. असाइनमेंटवर मागच्या वर्षीची मुदत दिसते, सूचनांमध्ये कधीच होऊन गेलेल्या तोंडी परीक्षेचं वेळापत्रक वर असतं, आणि खरं काय धरायचं हे मुलं एकमेकांना विचारत बसतात. मूडल या ऑनलाइन कोर्स चालवण्याच्या प्रणालीवर हे निस्तरायला फार वेळ लागत नाही. फक्त तो वेळ सत्र सुरू होण्याआधी काढावा लागतो.

मूडल लिहिलं मार्टिन डुगियामास यांनी. ते ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले आणि लहानपणी त्यांचे शाळेचे धडे शॉर्टवेव्ह रेडिओवरून व्हायचे. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात असताना त्यांनी हे काम हाती घेतलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये मूडलची १.० आवृत्ती आली. ते मुक्त स्रोत असल्यामुळे परवान्याचं शुल्क न भरता कुठलंही महाविद्यालय ते आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं. त्यात सोयी भरपूर आहेत, पण त्यातल्या कामाच्या सोयी सेटिंगच्या पानांत दडलेल्या असतात.

जुना कोर्स नव्याने वापरायच्या दोन वाटा आहेत. पहिली इम्पोर्टची. नवा रिकामा कोर्स घ्यायचा आणि जुन्यातला मजकूर, असाइनमेंट, क्विझ त्यात ओढून आणायच्या. मुलांची नावं, उत्तरं, गुण त्यासोबत येत नाहीत आणि जुना कोर्स जागच्या जागी शाबूत राहतो. दुसरी वाट रीसेटची. कोर्स तोच ठेवायचा आणि जुन्या मुलांची नोंदणी, त्यांनी जमा केलेलं काम, क्विझचे प्रयत्न पुसून टाकायचे. रीसेट करताना कोर्स सुरू होण्याची नवी तारीख दिली, तर आतल्या मुदतीही तेवढ्याच दिवसांनी पुढे सरकतात. ही सोय मोहात पाडणारी आहे खरी, पण सणवार काही ठरावीक दिवसांनी सरकत नाहीत. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. त्यामुळे सरकलेल्या मुदती कॅलेंडर शेजारी ठेवून एकेक तपासाव्याच लागतात.

या दोहोंत इम्पोर्टच बरा. नॅकच्या मूल्यांकनासाठी मागच्या वर्षांची माहिती लागते, आणि रीसेटमध्ये पुसलेलं काम नुसतं बटण दाबून परत येत नाही. इथे बऱ्याच जणांची गफलत होते. ‘बॅकअप घेतलाय’ म्हणून प्राध्यापक निर्धास्त असतात. पण मूडलच्या मूळ रचनेत शिक्षकाने घेतलेल्या बॅकअपमध्ये मुलांचा डेटा येतच नाही, तो अधिकार व्यवस्थापकाकडे असतो. म्हणून सत्र संपताच ग्रेडबुकमधून गुणांची एक्सेल फाइल उतरवून घ्यावी आणि जमा झालेल्या असाइनमेंटही एकत्र डाउनलोड करून ठेवाव्यात.

मुदतीच्या दोन तारखांबाबतही अशीच गफलत होते. ‘ड्यू डेट’ उलटली तरी मूडल काम स्वीकारत राहतं, फक्त ‘उशीर’ अशी नोंद करतं. दार खरं बंद होतं ते ‘कट-ऑफ डेट’ला. ती भरलीच नाही, तर सत्र संपल्यावरही मुलं फायली चढवत राहतात. दोन्ही तारखा एकच ठेवल्या, तर रात्री लाइट गेल्यामुळे अडकलेल्या मुलीला वावच उरत नाही. दोहोंत दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवणं न्यायाचं.

क्विझच्या बाबतीत एक गोष्ट अजिबात विसरून चालणार नाही. दिव्यांग परीक्षार्थींसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ द्यायचा आहे. मूडलमध्ये त्यासाठी ‘यूजर ओव्हरराइड’ आहे. ६० मिनिटांच्या क्विझला त्या विद्यार्थ्यापुरती ८० मिनिटं भरायची, आणि क्विझ बंद होण्याची वेळही त्याच्यासाठी पुढे न्यायची. हे दुसरं राहून गेलं, तर सगळ्यांची क्विझ ११ वाजता बंद होते तेव्हा त्याचीही बंद होते आणि वाढवून दिलेली मिनिटं कागदावरच राहतात.

मराठी माध्यमात शिकवणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, ती नोट्सची. वर्षानुवर्षं श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर वर्डमधून उचलून मूडलच्या पानावर चिकटवला की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो, कारण जुन्या फाँटची अक्षरांची मांडणी युनिकोडपेक्षा वेगळी असते. मग कंटाळून त्याच पानांचे फोटो काढून पीडीएफ चढवली जाते. डोळस मुलांचं त्यावर कसंबसं भागतं. पण एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला त्या फोटोतून एक शब्दही ऐकू येत नाही. मोबाइलवर वाचणाऱ्यालाही पान मोठं करून डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. मजकूर एकदा कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला की हा त्रास कायमचा मिटतो. मात्र रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’सारखे शब्द डोळ्यांखालून घालावेत, चुका बहुतेक तिथेच होतात.

कोर्स उघडण्याआधी प्रोफाइलच्या मेनूतून ‘स्विच रोल’ करून विद्यार्थ्याच्या नजरेने तो पाहता येतो. चुकून लपलेलं प्रकरण किंवा न उघडणारी लिंक तिथेच लक्षात येते. काम जमा करून पाहायचं असेल, तर मात्र व्यवस्थापकाकडून चाचणीसाठी विद्यार्थ्याचं खातं मागून घ्यावं आणि ते लॅपटॉपवर नाही, साध्या फोनवर मोबाइल डेटा लावून उघडावं.

प्रश्नपेढी कशी बांधायची आणि मराठी प्रश्न एकगठ्ठा कसे चढवायचे, हे पुढच्या आठवड्यात.